ओनर-ऑपरेटर ट्रकचालकाचा खर्च आणि कमाई

स्वतःच्या मालकीचा ट्रक स्वतःच चालवून मालवाहतुकीचा धंदा करणाऱ्या व्यक्तीला अमेरिकेत ‘ओनर-ऑपरेटर’ म्हणतात. मराठीत त्याला मालक-चालक म्हणता येईल. त्याच्या हाती पडणाऱ्या पैशात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात : गाडी चालवण्याची मजुरी, ट्रकमध्ये गुंतवलेल्या भांडवलाचा परतावा आणि धंद्यातील जोखमीचा मोबदला. या तिन्हींची फोड न करता काढलेला नफा फसवा ठरतो. स्वतःची मजुरी वजा केल्यावर काहीच उरत नसताना धंदा फायद्यात असल्याचा समज वर्षानुवर्षे टिकून राहू शकतो आणि तो बहुधा इंजिन बसते तेव्हाच तुटतो.

१९३५च्या मोटर कॅरियर कायद्याने आंतरराज्य मालवाहतुकीचे परवाने आणि दर सरकारी नियंत्रणाखाली आणले. कच्चा शेतमाल मात्र या नियंत्रणातून वगळला होता, आणि स्वतंत्र मालक-चालकांना त्याच वाहतुकीत मोठा आधार मिळाला. १९७३च्या इंधनटंचाईत डिझेलचे भाव अचानक चढले, तेव्हा याच लोकांनी महामार्ग अडवून आपले गाऱ्हाणे देशापुढे मांडले. त्यांची राष्ट्रीय संघटना त्याच वर्षी स्थापन झाली. १९८०च्या कायद्याने दरांवरील आणि प्रवेशावरील बंधने सैल केली. धंद्यात शिरणे त्यामुळे सोपे झाले, पण दर टिकवून धरणारी चौकटही गेली.

आज काम करण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत मालक-चालक आपला ट्रक एखाद्या वाहतूक कंपनीला कराराने जोडतो आणि तिच्या परवान्यावर माल वाहतो. कंपनी त्याला मैलामागे ठरावीक रक्कम किंवा भाड्यातील ठरावीक टक्केवारी देते, आणि सार्वजनिक दायित्वाचा, म्हणजे अपघातात इतरांना द्याव्या लागणाऱ्या भरपाईचा, विमा बहुधा तिच्याकडे असतो. अशा करारात मोबदला, कपाती आणि अनामत रक्कम स्पष्ट लिहिलेली असावी, तसेच माल पोहोचल्याची आवश्यक कागदपत्रे दिल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावेत, असे केंद्रीय नियम सांगतात. दुसऱ्या पद्धतीत तो स्वतःचा परवाना काढतो, थेट ग्राहकांकडून किंवा दलालांकडून माल मिळवतो आणि पूर्ण भाडे स्वतः घेतो. मात्र विमा, वसुली आणि सारी कागदपत्रे त्याच्याच गळ्यात पडतात. सर्वसाधारण मालासाठी कायद्याने किमान साडेसात लाख डॉलरचे दायित्व विमासंरक्षण लागते. प्रत्यक्षात बहुतेक दलाल दहा लाखांचे मागतात, आणि नव्या परवानाधारकाला त्याचा हप्ता फार जड जातो.

खर्चाचा अंदाज घेण्यासाठी अमेरिकन ट्रान्सपोर्टेशन रिसर्च इन्स्टिट्यूटचे वार्षिक आकडे उपयोगी पडतात. या संस्थेच्या मोजणीनुसार २०२३ साली ट्रक चालवण्याचा सरासरी खर्च मैलामागे २.२७ डॉलर होता. त्यात इंधन ५५.३ सेंट, ट्रक व ट्रेलरचे हप्ते ३६ सेंट, दुरुस्ती-देखभाल २०.२ सेंट आणि विमा ९.९ सेंट होता. टायर, टोल आणि परवान्यांचा वाटा याहून बराच लहान होता. चालकाचे वेतन आणि इतर लाभ मिळून ९६.७ सेंट होत होते, म्हणजे एकूण खर्चाच्या सुमारे त्रेचाळीस टक्के. मालक-चालकाच्या वहीत नेमकी हीच ओळ कोरी असते, कारण तो स्वतःला पगार लिहीत नाही. त्याला मिळणारे भाडे उरलेल्या सुमारे १.३० डॉलरच्या जितके वर असेल, तितकीच त्याची खरी कमाई होय. शिवाय हे आकडे कंपन्यांच्या ताफ्यांवरून काढलेले आहेत. त्यांना इंधनावर, टायरवर आणि विम्यावर मिळणारी सवलत एका ट्रकच्या मालकाला सहसा त्या प्रमाणात मिळत नाही.

स्थिर खर्च आणि चालण्यानुसार वाढणारा खर्च यांतील फरक या धंद्यात निर्णायक असतो. हप्ता, विमा, परवाने आणि अवजड वाहनांवरील केंद्रीय वापर कर (कमाल ५५० डॉलर वार्षिक) ट्रक उभा असला तरी भरावेच लागतात. समजा हा खर्च वर्षाला ४०,००० डॉलर आहे. ट्रक १,२०,००० मैल चालला तर तो मैलामागे ३३ सेंट पडतो. ८०,००० मैलच चालला तर ५० सेंट. मैल वाढवण्यालाही कायद्याची मर्यादा आहे : सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर चालकाला १४ तासांच्या अवधीत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते, आणि डिसेंबर २०१७पासून बहुतेक ट्रकांत ही नोंद इलेक्ट्रॉनिक यंत्रावर होते. गोदामाच्या दारात माल चढण्या-उतरण्याची वाट पाहण्यात गेलेला वेळ याच १४ तासांतून जातो. पहिले दोन तास थांबण्याचे पैसे न देण्याचा रिवाज रूढ आहे आणि त्यानंतरची भरपाईही अनेकदा भांडून घ्यावी लागते. मला ही या व्यवस्थेतील सर्वांत अन्याय्य बाब वाटते, कारण दुसऱ्याच्या ढिलाईची किंमत इथे चालकाच्या दिवसातून वसूल होते.

इंधनाच्या बाबतीत मात्र चालकाच्या हातात बरेच काही असते. एका गॅलनमागे ६.५ मैल देणारा ट्रक एक लाख मैलांना सुमारे १५,४०० गॅलन डिझेल पितो. हेच प्रमाण ७.५ मैलांवर नेले तर सुमारे २,००० गॅलन वाचतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग थोडा कमी ठेवणे, टायरमधील हवा नीट राखणे आणि उभ्या गाडीचे इंजिन उगाच चालू न ठेवणे यांतूनच ही बचत मुख्यतः होते. इंधनावरील राज्यांचा कर जिथे डिझेल भरले त्या राज्यानुसार ठरत नाही. ज्या राज्यांत जितके मैल गाडी चालली, त्या प्रमाणात तिमाही हिशेब होतो. म्हणून फक्त पंपावरचा भाव बघून स्वस्त डिझेल निवडणारा चालक फसतो. त्याने कर वगळून भावांची तुलना करायला हवी.

भाड्याचा दर ऐकताना रिकामे मैल विसरले जातात. मैलामागे २.५० डॉलरने ६०० मैल माल नेला तर १,५०० डॉलर मिळतात. पण तो उचलण्यासाठी आधी १५० मैल रिकामे जावे लागले असेल, तर प्रत्यक्ष दर २ डॉलरवर येतो. चांगल्या भाड्याने अशा गावात जाणे, जिथून परतीचा माल मिळत नाही, हा नवख्यांचा नेहमीचा तोटा आहे. अनुभवी मालक-चालक म्हणूनच एका फेरीचा दर न पाहता घरापासून घरापर्यंतच्या पूर्ण चक्राचा हिशेब मांडतात. पैसे हाती यायला महिना किंवा त्याहून अधिक लागत असल्याने अनेकजण आपली बिले वसुली कंपनीला विकतात आणि प्रत्येक बिलातील काही टक्के सोडून देतात.

बाजाराची चढ-उतार किती निर्दय असते ते २०२१ ते २०२३ या काळात दिसले. महासाथीनंतर मालाची मागणी वाढली, तात्पुरत्या कामांचे दर चढले आणि हजारो चालकांनी स्वतःचे परवाने काढून जुने ट्रक चढ्या भावात घेतले. २०२२मध्ये दर घसरू लागले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये डिझेलने गॅलनला ५.८० डॉलरच्या वर विक्रम केला. तेजीच्या भावाने हप्ते बांधून घेतलेले सर्वाधिक भरडले गेले.

वर्षअखेरीस उरलेल्या निव्वळ उत्पन्नावर आयकराशिवाय स्वयंरोजगार कर लागतो. त्याचा दर १५.३ टक्के आहे, कारण सामाजिक सुरक्षेतील, एरवी नोकरी देणारा भरतो तो वाटाही इथे चालकालाच भरावा लागतो. कर दर तिमाहीला आगाऊ भरायचा असतो. करासाठी ट्रॅक्टरचा, म्हणजे इंजिन असलेल्या पुढच्या वाहनाचा, घसारा तीन वर्षांच्या वर्गात धरला जातो. त्यामुळे पहिल्या वर्षांत कर हलका वाटतो. नंतर घसारा संपतो, पण दुरुस्ती वाढू लागते. शहाणे चालक म्हणूनच प्रत्येक मैलामागे काही सेंट वेगळ्या खात्यात टाकतात. इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधायचे झाले तर खर्च हजारो डॉलरच्या घरात जातो, आणि त्या काळात ट्रक उभा राहिल्याने कमाईही थांबते.

भाड्याने घेऊन पुढे मालकी मिळवण्याचे करार ही या व्यवसायाची सर्वांत दुखरी बाजू आहे. यात वाहतूक कंपनीच चालकाला ट्रक देते, आठवड्याचा हप्ता त्याच्या भाड्यातून कापते आणि काम किती द्यायचे हेही तीच ठरवते. काम आटले की हप्ता थकतो, करार तुटतो आणि भरलेले पैसे जातात. २०२१च्या केंद्रीय पायाभूत सुविधा कायद्यानुसार नेमलेल्या कृतिदलाने या करारांची तपासणी केली आणि जानेवारी २०२५मधील अहवालात अशा करारांवर बंदी घालण्याची शिफारस काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला केली.