बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करायची, ही सवय आली कुठून?

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या बऱ्याच लोकांकडून अजूनही ऐकायला मिळतं की कॅमेऱ्याची बॅटरी पार झिरो होऊ द्यायची आणि मगच चार्जिंगला लावायची, नाहीतर ती मेमरी पकडते, म्हणजे रोज जेवढी वापरली तेवढीच तिच्या लक्षात राहते आणि पुढचा चार्ज ती देत नाही. आता हा सल्ला काही कुणी हवेतून काढलेला नाही, पण तो ज्या निकेल-कॅडमियम बॅटरीसाठी होता ती कॅमेऱ्यातून कधीच गेली आणि जी लिथियम-आयन आली तिला हीच सवय मारक आहे. म्हणून हा मागचा इतिहास माहीत असायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

१९६७ साली सोनीचा पोर्टापॅक आला, कॅमेरा हातात आणि रेकॉर्डर खांद्याला लटकवलेला, आणि व्हिडिओ स्टुडिओबाहेर पडला. १९८३ च्या बीटामूव्हीत कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच बॉडीत बसले. या सगळ्या काळात राज्य होतं निकेल-कॅडमियमचं, जी स्वीडनच्या वाल्देमार युंगनरने १८९९ मधेच बनवली होती. एका सेलचे १.२ व्होल्ट, त्यामुळे न्यूजवाल्यांच्या कॅमेऱ्यातली एनपी-१ नावाची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे आत ओळीने जोडलेले १० सेल.

मेमरीची गोष्ट आधी उपग्रहांमधे दिसली, तिथे प्रत्येक फेरीला सेल नेमके तेवढेच उतरायचे आणि तेवढेच भरायचे. शूटिंगमधे असं मोजून मापून कोण वापरतंय? इथे खरा त्रास बहुतेक वेळा ओव्हरचार्जिंगचा होता, रात्रभर चार्जरवर राहिलेल्या बॅटरीचा व्होल्टेज लवकर पडायचा आणि आत चार्ज शिल्लक असूनही कॅमेरा लो बॅटरी दाखवून बंद व्हायचा. अशी बॅटरी एकदा नीट उतरवून परत भरली की बऱ्याचदा सुधारायची, त्यातून तो सल्ला जन्माला आला. पण "नीट" म्हणजे सेलमागे साधारण १ व्होल्टपर्यंत, म्हणजे १२ व्होल्टच्या पॅकला १० व्होल्टला थांबायचं. बल्ब जोडून रात्रभर उतरवत ठेवली की दहातला सगळ्यात कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे नऊ त्याच्यातून उलटा करंट ढकलतात, तो सेल मेला की अख्खा पॅक गेला. म्हणजे "पार झिरो" हे तेव्हाही चुकीचंच होतं.

त्याच सुमारास खांद्यावरच्या मोठ्या व्हीएचएस कॅमेऱ्यांमधे बऱ्याचदा १२ व्होल्टची सील्ड लेड-अ‍ॅसिड बॅटरी यायची आणि तिचा नियम एकदम उलटा, उतरलेली ठेवली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, म्हणून काम संपलं की लगेच फुल चार्ज करून ठेवायची. दोन बॅटऱ्या, दोन विरुद्ध नियम. कोणता नियम कशासाठी हे कुठेच लिहिलेलं नसेल तर शिकणाऱ्या पोराच्या डोक्यात दोन्हीची खिचडी होणारच, त्याला बिचाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

मग लिथियम. शास्त्रज्ञ व्हिटिंगहॅम यांनी सत्तरच्या दशकात एक्सॉन या तेल कंपनीत सुरुवात केली, गुडइनफ यांनी १९८० मधे बॅटरीच्या प्लस बाजूसाठी कोबाल्ट ऑक्साइडचा रस्ता दाखवला. पण शुद्ध लिथियम धातू वापरणं धोक्याचंच होतं, १९८९ मधे कॅनडाच्या मोली एनर्जी कंपनीच्या अशा बॅटऱ्यांनी जपानमधे मोबाईल फोनमधे पेट घेतला आणि त्या परत मागवाव्या लागल्या. जपानच्या अकिरा योशिनो यांनी १९८५ मधे धातूऐवजी कार्बन वापरला, आणि १९८६ मधे बॅटरीवर चक्क लोखंडी वजन टाकून पाहिलं की ती पेटते का. कार्बनवाली पेटली नाही. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं ते यासाठी.

१९९१ मधे सोनीने ही बॅटरी बाजारात आणली आणि तिच्या पहिल्या गिऱ्हाइकांमधे ८ एमएमचा हॅंडीकॅम सीसीडी-टीआर१ होता. एका सेलचे ३.६ व्होल्ट, म्हणजे ७.२ व्होल्टसाठी जिथे निकेलचे सहा सेल लागायचे तिथे दोनच पुरले. मेमरीचा त्रास वापरात जवळजवळ नाहीच. उलट फार खोल उतरली तर आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि अशी बॅटरी परत चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकते. त्यासाठी पॅकमधे प्रोटेक्शन सर्किट असतं, पण स्वस्तातल्या डुप्लिकेट बॅटरीत ते धड असेलच याची खात्री नाही, तिथे पैसे वाचवू नका.

ठेवायची पद्धतही बदलली. महिनाभर काम नसेल तर साधारण अर्धी चार्ज, गार जागी. फुल चार्ज करून मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात गाडीत ठेवणं हे तिचं आयुष्य झपाट्याने कमी करणं आहे. आणि फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज तर अजिबात करायची नाही, टर्मिनलला टेप लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची.

विमानाचे नियमही याच धोक्यातून आले. सुट्या बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, केबिनमधेच न्यायच्या, १०० वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं माप) सहसा परवानगी लागत नाही, १०० ते १६० मधल्या एअरलाईनला विचारून फक्त दोन. बाजारात इतक्या व्ही-माउंट (मोठ्या कॅमेऱ्याच्या मागे अडकवायच्या) बॅटऱ्या नेमक्या ९८-९९ वॉट-अवरच्या का मिळतात याचं उत्तर तिथे आहे, १४.४ व्होल्ट गुणिले ६.८ अ‍ॅम्पिअर-अवर करून बघा. छोट्या कॅमेऱ्यांची सोनीची एनपी-एफ९७० बॅटरी तर ४७ च्या आसपासच आहे, ती बिनधास्त न्या, फक्त टर्मिनल झाकून, किल्ल्या-नाण्यांच्या कप्प्यात सुटी टाकू नका.