जॉर्ज इन, सदर्क
लंडनच्या सदर्क भागातील जुना पब व एकेकाळची प्रवासी सराई. टेम्स नदीच्या दक्षिणेस, लंडन ब्रिजपासून जवळच, बरो हाय स्ट्रीटच्या पूर्व अंगाला आत शिरलेल्या चौकात ही वास्तू आहे. घोडागाड्यांच्या काळातील सज्जेदार सरायांपैकी लंडनमध्ये आज ही एकच उभी आहे आणि तीही अपुरी. मूळ रचनेपैकी चौकाच्या दक्षिणेकडील बाजू तेवढी उरली आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत जुन्या लंडन शहरात दक्षिणेकडून शिरायला लंडन ब्रिज हा एकच पूल होता. केंटकडून व दक्षिण किनाऱ्याकडून येणारी वाहतूक पुलाच्या तोंडाशी तुंबे, त्यामुळे या रस्त्यावर सरायांची रांगच लागली. ‘कँटरबरी टेल्स’ या काव्यात चौदाव्या शतकातील इंग्रज कवी चॉसर याचे यात्रेकरू शेजारच्याच टॅबर्ड सरायीतून कँटरबरीच्या यात्रेला निघतात. व्हाइट हार्ट, क्वीन्स हेड, किंग्स हेड या सराया त्याच रांगेतल्या.

जॉर्जचा काळ सांगताना संस्था आणि इमारत यांत फरक करावा लागतो. सरायीचे नाव सोळाव्या शतकापासून आढळते. लंडनचा इतिहासकार जॉन स्टो याने १५९८ साली सदर्कमधील सरायांची जी यादी दिली तीत जॉर्ज आहे. मुळात ती मध्ययुगीन असावी असे मानण्याकडे कल दिसतो. शेजारच्या सरायांचा इतिहास पाहता ते अशक्य नाही, पण उभ्या इमारतीत त्याचा पुरावा शोधण्यात अर्थ नाही. मे १६७६ मध्ये सदर्कला मोठी आग लागली, तीत सुमारे ५०० घरे गेली व जॉर्जही जळाली. आजची इमारत त्यानंतरच्या पुनर्बांधणीची असून तिचा काळ १६७६-७७ असा धरतात. पुनर्बांधणी जुन्याच आराखड्यावर झाली असावी, असा तर्क केला जातो.

या तर्काला महत्त्व येते ते नाट्येतिहासामुळे. फिरत्या नटमंडळ्या सरायांच्या चौकात खेळ करीत, प्रेक्षक खाली चौकात व वर सज्ज्यांत उभे राहत आणि त्यातूनच एलिझाबेथकालीन नाट्यगृहांचा आराखडा निघाला, हे मत दीर्घकाळ प्रचलित होते. त्याचा नमुना म्हणून जॉर्जचे चित्र हटकून दिले जाई. नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर बरेच आक्षेप घेतले. ज्या सरायांत नाट्यप्रयोग झाल्याच्या नोंदी आहेत त्या, म्हणजे बुल, बेल, क्रॉस कीज व बेल सॅव्हेज, सर्व नदीच्या उत्तरेस होत्या. गाड्या-घोड्यांची वर्दळ असलेला चौक रोज दुपारी नाटकासाठी मोकळा ठेवणे धंद्याच्या दृष्टीने अवघड होते. काही प्रयोग चौकाऐवजी आतल्या दालनात झाले असावेत. वर्तुळाकार नाट्यगृहाचे नाते अस्वल व बैल यांच्या झुंजींच्या रिंगणाशी जोडणारा पक्षही आहे. दोन्ही उगम अंशतः खरे असू शकतात. तथापि जॉर्जपुरते बोलायचे तर शेक्सपिअर १६१६ मध्ये वारला आणि हे सज्जे त्यानंतर साठ वर्षांनी उभे राहिले. तरीही विसाव्या शतकात याच चौकात त्याच्या नाटकांचे प्रयोग झाले, आणि ‘शेक्सपिअरची सराई’ ही ख्याती काही पुसली गेली नाही.

इमारत तीन मजली असून लाकडी सांगाडा व विटा यांची आहे. दर्शनी बाजूच्या एका भागात वरच्या दोन्ही मजल्यांना चौकाकडे उघडे लाकडी सज्जे आहेत. त्यांच्या कठड्याचे गज कातीव व जाड आहेत. निजायच्या खोल्यांची दारे सज्ज्यात उघडत, म्हणजे सज्जा हीच बाहेरून जाणारी वाट होती. आतून बोळ काढण्याची गरज पडत नसे आणि खोल्यांना इमारतीची पूर्ण रुंदी मिळे. उरलेला भाग सपाट विटांचा आहे. तळमजल्यावर बैठकीच्या खोल्या एकीला लागून एक अशा आहेत. रस्त्याकडच्या टोकाचा ओल्ड बार ही गाडीची वाट पाहणाऱ्या उतारूंची खोली होती, असे सांगतात. तेथे काचेच्या तावदानांआडचा जुना गुत्ता (पेये देण्याची जागा) व बिअर उपसण्याचे जुने, आता बंद पडलेले यंत्र पाहायला मिळते. मधल्या कॉफी रूमशी डिकन्सचे नाव जोडले जाते. त्याच्या एका कादंबरीत या सरायीचा ओझरता उल्लेख आहे. सज्जेदार सरायीची पूर्ण कल्पना हवी असल्यास मात्र ग्लॉस्टरची पंधराव्या शतकातील न्यू इन पाहावी. तिचा चौक अजून चहूबाजूंनी बंदिस्त आहे.

रेल्वे आल्यावर घोडागाड्यांचा धंदा बसला. जॉर्ज ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या ताब्यात गेली आणि मालाच्या गुदामांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्या बाकीच्या बाजू पाडण्यात आल्या. टॅबर्ड १८७० च्या दशकात व व्हाइट हार्ट १८८९ मध्ये गेली. जॉर्जची उरलेली बाजू १९३७ मध्ये लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने वारसा वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिली. पाडणाऱ्या कंपनीच्या उत्तराधिकारी कंपनीनेच ती ट्रस्टच्या हाती सोपवली, हे या इतिहासातले विशेष.

आज वास्तूला दुहेरी संरक्षण आहे. मालकी ट्रस्टकडे असून पब भाडेपट्ट्याने चालवला जातो. शिवाय ती प्रथम श्रेणीची सूचिबद्ध वास्तू आहे, म्हणजे जतन करण्याजोग्या वास्तूंच्या सरकारी सूचीत तिची नोंद आहे. इंग्लंडमधील सूचीत प्रथम, द्वितीय-तारांकित व द्वितीय अशा तीन श्रेणी असतात. प्रथम श्रेणीत सूचीतील जेमतेम २.५ टक्के वास्तू येतात आणि पब बहुतांशी द्वितीय श्रेणीत राहतात. १९९० च्या कायद्यानुसार सूचिबद्ध वास्तूचे स्वरूप बदलणाऱ्या कामाला स्थानिक प्राधिकरणाची संमती लागते. हे बंधन आतील भागालाही आहे, म्हणून जुना गुत्ता काढून रुंद काउंटर टाकायचा असला तरी परवानगी घ्यावी लागते. विनापरवाना काम हा फौजदारी गुन्हा आहे. मात्र सूचीमुळे इमारत वाचते, तिथला पब चालू राहीलच असे नाही. ती उणीव अंशतः भरून काढण्यासाठी २०११ च्या कायद्याने स्थानिकांना एखादा पब ‘समाजोपयोगी मालमत्ता’ म्हणून नोंदवून घेण्याची सोय दिली, आणि २०१७ पासून इंग्लंडमध्ये पबचे दुकानात वा कार्यालयात रूपांतर करण्यास किंवा तो पाडण्यास नियोजन परवानगी सक्तीची झाली.