वीज, पूर, गारपिटीत जनावर दगावलं तर सरकारी मदत कशी मिळते?

ओढ्याच्या पुरात म्हैस सापडली, झाडाखाली बांधलेल्या बैलावर वीज पडली, की लोक आधी विचारतात, "फॉर्म कुठं मिळतो?" फॉर्मचं नंतर बघू. सगळं प्रकरण उभं राहतं पंचनाम्यावर. पंचनाम्याआधीच जनावर पुरलं, तर पुढं दाखवायला हातात काही उरत नाही.

म्हणून उजाडताच तलाठ्यांना (आताचे ग्राम महसूल अधिकारी) आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. फोन केलात तरी व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकून ठेवा, वेळेची नोंद राहते. फोटोत आख्खं जनावर आणि मागची जागा दिसू द्या. एक फोटो फक्त कानाचा काढा. कानातला बिल्ला (टॅग) चिखलानं माखलेला असतो, तो ओल्या फडक्यानं पुसून बाराही अंक वाचता येतील असा.

या बिल्ल्याला लोक अजून किरकोळ समजतात. महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून कानात टॅग नसलेल्या जनावराला नैसर्गिक आपत्तीची भरपाई देय नाही. पुरात वाहून गेलेल्या जनावराचं तर शवही सापडत नाही. अशा वेळी भारत पशुधन या जनावरांच्या ऑनलाइन नोंदवहीतली त्याची नोंद तेवढी तुमच्या बाजूनं बोलते.

जनावर सापडलं असेल तर शवविच्छेदन करून घ्याच. अहवालात मृत्यूचं कारण काय लिहिलंय, तिथंच उभं राहून वाचा. "वीज पडून" आणि "आजाराने" यात आख्ख्या मदतीचा फरक आहे.

रक्कम किती? 2022-23 ते 2025-26 साठीच्या निकषांत दुधाळ गाय-म्हशीला 37,500 रुपये, बैलाला 32,000, वासराला 20,000 आणि शेळी-मेंढीला 4,000 रुपये होते. कोंबडीला 100 रुपये, पण एका कुटुंबाला 10,000 पर्यंतच. एका कुटुंबाला मोठी दुधाळ जनावरं 3, लहान 30, ओढकामाची मोठी 3 अशी मर्यादा होती. ऑक्टोबर 2025 च्या अतिवृष्टी पॅकेजमध्ये राज्यानं 3 जनावरांची अट काढली. ती त्या आपत्तीपुरती धरा आणि तुमच्या वेळचा शासन निर्णय तहसीलमध्ये विचारून घ्या.

कागद फार नाहीत: आधार, पासबुकाची प्रत, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, फोटो, शेती असेल तर सातबारा. पंचनाम्यावर सही करण्याआधी नाव आधारवर आहे तसंच लिहिलंय का, टॅग नंबर बरोबर आहे का, एवढं तपासा. आणि सही केलेल्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पुन्हा मागायला गेलं की फार हेलपाटे होतात.

बिबट्या किंवा वाघानं जनावर मारलं तर हा रस्ता नाही. ते प्रकरण वनविभागाचं, आणि तिथं 48 तासांत कळवावं लागतं. तुटलेल्या तारेचा शॉक लागला असेल तर वीज कंपनीकडे जा.

पंचनामा तहसीलदारांकडे जातो आणि मंजुरीनंतर पैसे थेट खात्यावर येतात. यादीत तुमच्या नावापुढं विशिष्ट क्रमांक आला असेल, तर तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रावर अंगठा देऊन ई-केवायसी करावी लागते. यादी लागल्याचं कुणी घरी येऊन सांगत नाही, तलाठी कार्यालयात आठवड्याला एक चक्कर मारा. खातं आधारला जोडलेलं आहे का, हे मात्र आजच बँकेत विचारून या.