घोडागाडीची मॅरेथॉन म्हणजे शंकरपट नव्हे

चार घोड्यांची गाडी पाणी उडवत वळण घेते, असा व्हिडिओ ग्रुपवर आला की खाली कोणीतरी लिहितंच, "हा गोऱ्यांचा शंकरपट." हे आता थांबवा.

शंकरपट विदर्भात समजावून सांगायची गरज नाही. हलका छकडा, बैलांची जोडी, धुरकऱ्याच्या हाती कासरा, सरळ पट्टी. तळेगाव दशासर असो की गावचा पट, कमी सेकंदांत पोचली ती जोडी मोठी.

घोडागाडीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा घोडेस्वारांच्या तीन दिवसांच्या स्पर्धेवर बेतलेली आहे. जागतिक अश्वक्रीडा महासंघाचे अध्यक्ष असताना प्रिन्स फिलिप यांनी १९६९च्या सुमारास तिचे नियम करून घेतले. १९७१ला बुडापेस्टमध्ये युरोपची, तर १९७२ला म्युन्स्टरमध्ये जगाची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. ड्रेसाज, मॅरेथॉन आणि कोन (शंकूंच्या जोड्यांमधून गाडी काढणं) मिळून ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो जिंकतो. ड्रेसाज म्हणजे १०० बाय ४० मीटरच्या मैदानात शिस्तीची चाल; त्यात फार घोळ होत नाही.

घोळ होतो मॅरेथॉनमध्ये, म्हणजे रस्ता आणि अडथळे मिळून होणाऱ्या फेरीत. रस्त्याच्या टप्प्याला वेळेची मर्यादा दोन्हीकडून असते. उशीर झाला तर दंड, आणि ठरल्यापेक्षा लवकर पोचलात तरी दंडच! घोडे दामटून काहीच पदरात पडत नाही. घाई चालते ती फक्त अडथळ्यांत. तिथे प्रत्येक सेकंदाला पाव गुण दंड. पण अडथळ्यात 'ए' ते 'एफ' अशी दारं क्रमाने, लाल झेंडी उजवीकडे आणि पांढरी डावीकडे ठेवून पार करावी लागतात. पार केलेलं दार मोकळं होतं, त्यातून पुन्हा जाता येतं. पुढच्या दारात आधीच घुसलात आणि चूक न सुधारता बाहेर पडलात, तर थेट बाद. म्हणून जाणता चालक आदल्या दिवशी पायी फिरून वळणं पाठ करतो. नुसत्या वेगाचं कौतुक करणाऱ्याला यातलं निम्मंही दिसत नाही. मागे उभे असलेले मदतनीसही शोभेला नसतात. वळणावर अंग झोकून ते गाडीचा तोल सांभाळतात.

शेवटच्या दिवशी कोन. चाकांपेक्षा थोडीच जास्त फट, कोनावर चेंडू, आणि चेंडू पडला की तीन गुण. आदल्या दिवशी घोडे दमवून ठेवलेल्याचे चेंडू इथेच पडतात.