पार्श्वभूमी : एल्कची लांब पल्ल्याची शिकार आणि कॅलिबरचा प्रश्न

अमेरिकेच्या रॉकी पर्वतराजीत एल्क या थोराड हरणाच्या शिकारीसाठी कोणत्या कॅलिबरची (नळीच्या व्यासाची; .३० म्हणजे इंचाचे तीस शतांश) रायफल घ्यावी, हा वाद शंभर वर्षे चालू आहे. वाद होतो तो काडतुसांच्या नावांवरून. पण त्या त्या काळच्या शिकाऱ्याला समोरच्या जनावराचे अंतर कितपत अचूक कळत होते, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या नावांची संगती लागत नाही. एल्कचा पूर्ण वाढलेला नर सुमारे ३०० ते ३५० किलो भरतो. आपल्याकडच्या सांबरापेक्षा तो थोराड असतो आणि गोळी वर्मी बसली नाही, तर जखमी अवस्थेतही तो दूरवर निघून जातो.

बंदुकीच्या जुन्या, धूर करणाऱ्या काळ्या दारूच्या काळात गोळ्या जड आणि संथ असत, त्यामुळे शिकाऱ्याला जनावराच्या जवळ जावेच लागे. धूरहीन दारूने वेग वाढवला. १८९५ मध्ये .३०-३० विंचेस्टर बाजारात आले आणि १९०६ मध्ये अमेरिकी लष्कराने .३०-०६ स्प्रिंगफील्ड हे टोकदार गोळीचे काडतूस स्वीकारले. त्याच सुमारास बेसुमार शिकारीमुळे एल्कची संख्या खालावली होती. १९१२ मध्ये वायोमिंगमधील जॅक्सन येथे त्यांच्यासाठी राष्ट्रीय अभयारण्य स्थापन झाले.

१९२५ मध्ये विंचेस्टर कंपनीने .३०-०६ च्याच घराण्यातून .२७० हे काडतूस काढले. त्याची १३० ग्रेनची, म्हणजे जेमतेम साडेआठ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३,००० फुटांहून अधिक वेगाने सुटत असे. लेखक जॅक ओकॉनर यांनी आयुष्यभर या काडतुसाची बाजू मांडली, तर आयडाहो राज्यातले शिकार-लेखक एल्मर कीथ यांना एल्कसाठी मोठ्या व्यासाची, २५० ग्रेनच्या आसपासची जड गोळीच हवी होती. हा वाद पुष्कळदा दोन माणसांमधला सामना म्हणून सांगितला जातो, पण त्यात गोळीच्या घडणीकडे दुर्लक्ष होते.

त्या घडणीची कथा १९४६ ची आहे. शिकारी जॉन नॉस्लर कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात मूस या अवाढव्य हरणाच्या शिकारीला गेले होते. हातात .३०० हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमसारखी (मॅग्नम म्हणजे अधिक दारूचे, जोरकस काडतूस) वेगवान रायफल असूनही चिखलाने माखलेल्या त्या नरावर गोळ्या वरवरच फुटत राहिल्या, आत खोल गेल्याच नाहीत. परत आल्यावर नॉस्लर यांनी तांब्याच्या मिश्रधातूच्या आवरणात मधोमध एक आडवी भिंत ठेवून शिशाचे दोन भाग वेगळे केले. पुढचा भाग आदळताच फुलतो, मागचा भाग भिंतीआड शाबूत राहून खोलवर जातो. १९४८ मध्ये ही ‘पार्टिशन’ गोळी विक्रीस आली. माझ्या मते एल्कच्या शिकारीत कोणत्याही एका कॅलिबरपेक्षा या भिंतीने अधिक फरक पाडला.

पुढे मॅग्नम काडतुसांची रांग लागली : १९५८ मध्ये .३३८ विंचेस्टर, १९६२ मध्ये ७ मिमी रेमिंग्टन आणि १९६३ मध्ये .३०० विंचेस्टर. त्यांच्या वेगाचे आकर्षण समजण्यासारखे होते. २०० यार्डांवर (यार्ड म्हणजे सुमारे ०.९ मीटर) नेम बसवलेल्या .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी ५०० यार्डांवर एक मीटरहून अधिक खाली येते. ४५० यार्डांवरचे जनावर ५०० यार्डांवर आहे असे समजून नेम धरला, तर गोळी सुमारे ३० सेंटीमीटर वर जाते. अंतर नजरेच्या अंदाजानेच ठरत असल्यामुळे, गोळी जितकी सरळ जाईल तितकी अंदाजातली चूक पोटात घातली जाई.

१९९० च्या दशकात लेझरवर चालणारे अंतरमापक सामान्य शिकाऱ्याच्या हाती आले आणि हे गणित बदलले. अंतर नेमके कळू लागल्यावर गोळी किती खाली येणार हे आधीच काढता येते. अनिश्चित उरतो तो वारा. ताशी १० मैलांचा आडवा वारा .३०-०६ ची तीच गोळी ५०० यार्डांवर अर्ध्या मीटरच्या आसपास बाजूला नेतो. म्हणून आता हवेला कमी अडणाऱ्या लांब, निमुळत्या गोळ्यांना महत्त्व आले. अशी गोळी हवेत स्थिर राहण्यासाठी नळीतील पीळ (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचा) अधिक आवळ लागतो. ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नमच्या नळ्यांत सव्वानऊ ते साडेनऊ इंचांत एक फेरा असे. २०२२ मध्ये हॉर्नाडी कंपनीने आणलेल्या ७ पीआरसी या काडतुसासाठी तो आठ इंचांत ठेवला गेला. हॉर्नाडीचेच ६.५ क्रीडमूर हे २००७ चे काडतूस मुळात नेमबाजी स्पर्धेसाठी घडवलेले आहे; सौम्य धक्क्यामुळे ते शिकारीतही रुळले. तरीही ५०० यार्डांपलीकडच्या एल्कसाठी मी ते सुचवणार नाही, कारण इतक्या लांब पोचताना त्याच्या हलक्या गोळीत उरलेली ताकद या जनावरासाठी तोकडी पडते.

एक अडचण मात्र कोणत्याच कॅलिबरने सुटलेली नाही. ५०० यार्ड जायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो आणि चरणारा एल्क तेवढ्यात एक पाऊल पुढे टाकू शकतो. मग छातीवर धरलेला नेम पोटावर जातो. १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने, निव्वळ साधनांची किंवा आपल्या नेमबाजीची परीक्षा पाहण्यासाठी जनावरावर लांबून गोळी झाडणे न्याय्य शिकारीत बसत नाही, अशी भूमिका घेतली आहे. कोलोरॅडो राज्याचा नियम एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर, ८५ ग्रेनची गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाऊंड (गोळीच्या ताकदीचे माप) ऊर्जा मागतो, तर आयडाहोत १६ पाऊंडांहून जड रायफल मोठ्या जनावरांच्या शिकारीला चालत नाही.