आठ भावांचा अल्ट्रामॅन की आकाशगंगेतला? २००८ आणि २००९ च्या दोन चित्रपटांतला घोळ

अल्ट्रामॅन या महाकाय जपानी सुपरहिरोंच्या चाहत्यांमध्ये दोन चित्रपटांची हमखास अदलाबदल होते. पहिला 'सुपीरियर अल्ट्रामॅन ८ ब्रदर्स', १३ सप्टेंबर २००८ ला प्रदर्शित झालेला. दुसरा 'मेगा मॉन्स्टर बॅटल: अल्ट्रा गॅलॅक्सी लेजंड्स – द मूव्ही', १२ डिसेंबर २००९ चा. दोन्ही त्सुबुराया प्रॉडक्शन्सचे, दोन्ही दीड तासाच्या आसपासचे, दोन्हींच्या पोस्टरवर अल्ट्रामॅनांची रांग. दोन्हींत अल्ट्रामॅन मेबियस आहे, दोन्हींत सुसुमु कुरोबे आणि कोजी मोरित्सुगु हे जुने नट आहेत आणि दोन्हींत ताकेशी त्सुरुनो 'आसुका शिन' (अल्ट्रामॅन डायनाचं मानवी रूप) म्हणूनच वावरतो. घोळ व्हायला एवढं पुरेसं आहे.

घाईत असाल तर खूण एकच. निळ्या-लाल अंगाचा, डोक्यावर पात्यांची जोडी असलेला अल्ट्रामॅन झिरो दिसला की तो २००९ चा चित्रपट. झिरोचा जन्मच त्या चित्रपटात झाला, त्यामुळे २००८ मध्ये तो असणं शक्य नाही. टिगा किंवा गाया हे अल्ट्रामॅन दिसले तर उलटं: तो २००८ चा. मेबियसवरून मात्र काहीच ठरवू नका.

दोन्ही कथांची मुळं मुळातच वेगवेगळ्या मातीत आहेत. मूळ 'अल्ट्रामॅन' मालिका १७ जुलै १९६६ ला सुरू झाली आणि ३९ भाग चालली. सेव्हन, जॅक, एस हे तिच्या पुढच्या मालिकांचे नायक. हे सगळे एम७८ तेजोमेघातल्या प्रकाशाच्या देशाचे रहिवासी आणि एकाच विश्वातले. त्यांना 'भाऊ' म्हणतात ते मानाने, रक्ताच्या नात्याने नव्हे. १९९६ मध्ये 'टिगा' आली तेव्हा निर्मात्यांनी पाटी कोरी केली. टिगाच्या पृथ्वीवर एम७८ चा कुणी कधी आलेलाच नाही. 'डायना' टिगाच्याच विश्वात घडते, 'गाया' पुन्हा तिसऱ्याच. २००६ ची 'मेबियस' मात्र परत जुन्या एम७८ विश्वात. मग जुन्या चौघांना आणि टिगा, डायना, गाया यांना एका चौकटीत आणायचं कसं? २००८ च्या चित्रपटाने यावर काढलेला तोडगा मोठा हुशार आहे.

तो घडतो चौथ्याच विश्वात, योकोहामामध्ये. इथे अल्ट्रामॅन खरे नाहीतच, ती फक्त टीव्हीवरची मालिका आहे. १९६६ च्या त्या पहिल्या प्रक्षेपणाने भारावलेली तीन मुलं, डाइगो (टिगाचं मानवी रूप), आसुका (डायना) आणि गामु (गाया), मोठी होतात, स्वप्नं बाजूला ठेवतात आणि साध्या नोकऱ्या धरतात. डाइगो योकोहामा महापालिकेत कामाला आहे. शेजारपाजारचे काका लोक कोण, तर जुन्या चौघांची मानवी रूपं: हायाताचं (मूळ अल्ट्रामॅन) सायकलचं दुकान, दानचं (सेव्हन) हवाई पद्धतीचं उपाहारगृह, हिदेकीचं (जॅक) गाड्या दुरुस्तीचं गॅरेज, होकुतोची (एस) बेकरी. आपण एखाद्या विश्वात अल्ट्रामॅन होतो याचा कुणालाच पत्ता नाही. मग खऱ्या विश्वातला मिराई, म्हणजे मेबियस, तिथे येऊन पोहोचतो. लाल बुटांतली एक छोटी मुलगी त्याला सांगते की इथले सात वीर शोधून जागे कर. योकोहामाच्या यामाशिता बागेत लाल बुटांतल्या मुलीचा पुतळा खरोखर आहे. ती कल्पना तिथूनच उचललेली.

नवखा प्रेक्षक इथे हमखास काहीतरी गमावतो, कारण चित्रपटातली अर्धी भावना जुन्या भागांच्या आठवणीवर उभी आहे. हिदेकीची बायको अकी या चित्रपटात हसतखेळत संसार करताना दिसते. १९७१ च्या 'रिटर्न ऑफ अल्ट्रामॅन' या जॅकच्या मालिकेच्या ३७ व्या भागात हीच अकी मारली गेली होती. होकुतोची बायको युको 'एस'च्या २८ व्या भागात त्याला सोडून चंद्राच्या लोकांकडे निघून गेली होती. इथे दोघं मिळून बेकरी चालवतात. नट्याही त्याच, रुमी साकाकिबारा आणि मित्सुको होशी. जे मूळ कथेत तुटलं ते या विश्वात जुळलेलं दाखवलंय, पण चित्रपट ते तोंडाने सांगत बसत नाही. शिवाय डाइगोची मैत्रीण रेना ही इथे हायाताची मुलगी आहे, आणि ती भूमिका करणारी ताकामी योशिमोतो प्रत्यक्षातही सुसुमु कुरोबेंचीच मुलगी. म्हणून हा चित्रपट बघण्याआधी निदान 'रिटर्न'चा ३७ वा, 'एस'चा २८ वा आणि 'डायना'चे शेवटचे तीन, म्हणजे ४९ ते ५१, एवढे भाग बघाच. टिगाचे ५२ च्या ५२ बघितलेत तर उत्तम, पण अट नाही.

२००९ चा चित्रपट आधी एका काइजू मालिकेचं शेपूट आहे आणि नंतर अल्ट्रामॅनचा चित्रपट. काइजू म्हणजे ते अवाढव्य राक्षस. बांदाई या खेळण्यांच्या कंपनीचा 'दाइकाइजू बॅटल' हा कार्डांचा खेळ २००७ मध्ये आला. त्यावरून 'अल्ट्रा गॅलॅक्सी मेगा मॉन्स्टर बॅटल' ही मालिका बीएस११ वाहिनीवर १ डिसेंबर २००७ पासून १३ भाग चालली आणि २० डिसेंबर २००८ पासून दुसरा हंगाम, तोही १३ भागांचा. हिचा नायक अल्ट्रामॅन नाही. नायक आहे रेई नावाचा तरुण, काइजूंना हुकूम देऊ शकणाऱ्या रेओनिक्स जमातीचा. हातातल्या बॅटल नायझर या यंत्रातून तो गोमोरा, लित्रा आणि एलेकिंग यांना बाहेर काढतो. अल्ट्रामॅन इथे पाहुणा. चित्रपटाच्या नावात 'मेगा मॉन्स्टर बॅटल' आहे ते याच मालिकेमुळे. ते नाव वाचून राक्षसांची कुस्ती बघायला बसलेल्याला पहिल्या अर्ध्या तासात चमकदार शहरात अल्ट्रामॅनच अल्ट्रामॅन दिसतात, आणि मालिका न पाहिलेल्याला रेई कोण, अंतराळयानातली ती माणसं कोण, हे कळत नाही.

गोष्ट सरळ आहे. बेलियल हा एम७८ चा पहिला गुन्हेगार अल्ट्रामॅन. प्लाझ्मा स्पार्क या ऊर्जास्रोताला त्याने हात घातला, हद्दपार झाला, रेओनिक्सांचा मूळपुरुष रेब्लड याच्या आत्म्याने त्याला पछाडलं आणि अल्ट्रामॅन किंगने त्याला अंतराळात कैद करून ठेवलं. झाराब परग्रहवासी त्याला सोडवतो. बेलियल प्लाझ्मा स्पार्क पळवतो आणि अख्खा प्रकाशाचा देश गोठतो. त्याच्या हातात असतो गिगा बॅटल नायझर, लांब दांड्याचं शस्त्र, ज्याने तो काइजूंच्या स्मशानातून शंभर काइजू उठवतो. शेवटी त्या शंभरांचाच मिळून बेल्युदोरा नावाचा एक धूड तयार होतो. तिकडे के७६ ग्रहावर अल्ट्रामॅन लिओ एका उर्मट पोराला जड चिलखत घालून झोडपतोय. तो पोरगा झिरो, सेव्हनचा मुलगा, आणि त्याचाही गुन्हा तोच: प्लाझ्मा स्पार्कला हात घालू पाहिला. इथे जाणकाराला हसू फुटतं, कारण १९७४ च्या 'लिओ' मालिकेत हाच सेव्हन, म्हणजे काठी टेकत चालणारा दान, लिओला इतकं निर्दय शिकवत होता की त्याच्यावर जीप घालण्यापर्यंत मजल गेली होती. गुरूकडून मिळालेला मार शिष्याने गुरूच्या पोराला व्याजासकट परत केला, असं म्हणायला हरकत नाही.

सर्वांत जास्त गल्लत होते ती 'तोच नट म्हणजे तेच पात्र' असं धरून चालल्यामुळे. मिराई दोन्ही चित्रपटांत तोच, खऱ्या एम७८ विश्वातला. पण हायाता आणि दान? २००८ मध्ये ते सायकलवाले आणि उपाहारगृहवाले, समांतर विश्वातले दुसरे लोक. २००९ मध्ये तेच चेहरे खरे अल्ट्रामॅन आणि सेव्हन यांची मानवी रूपं आहेत. आसुकाचं आणखी अवघड. २००८ चा आसुका योकोहामाचा, त्याने आयुष्यात कधी विमान उडवलेलं नाही. २००९ चा आसुका मात्र 'डायना'च्या १९९८ च्या शेवटच्या भागात प्रकाशात गडप झालेला मूळ आसुका, जो विश्वा-विश्वांतून भटकतोय. 'पहिल्या चित्रपटात तो पृथ्वीवर होता, मग दुसऱ्यात अंतराळात कसा आला' हा प्रश्न त्यामुळेच चुकीचा ठरतो. एकाच्या पुढे दुसरा असा यांचा क्रमच नाही.

दिसायलाही दोन्ही चित्रपट एकसारखे नाहीत. ताकेशी यागींचा २००८ चा चित्रपट माणसांचे चेहरे, बंदर, लाल विटांची गोदामं, लँडमार्क टॉवर यांवर रेंगाळतो. अल्ट्रामॅन उठतो तो ओळखीच्या इमारतींच्या मधून, म्हणून त्याची उंची जाणवते. २००९ चे दिग्दर्शक कोइची साकामोतो अमेरिकी 'पॉवर रेंजर्स'मधून आलेले, मुळात स्टंटचे माणूस. त्यांच्या मारामाऱ्या तारांवर गिरक्या घेतात आणि पार्श्वभूमी बहुतेक संगणकावर घडवलेली आहे. वेग जबरदस्त, पण शेजारी इमारत नसल्यामुळे चाळीस-पन्नास मीटरचे देह माणसाएवढे वाटू लागतात. आकाराचा आब हवा असेल तर यागी, हाणामारी हवी असेल तर साकामोतो. एक गंमत कान देऊन ऐका: २००९ मध्ये अल्ट्रामॅन किंगचा आवाज जपानचे माजी पंतप्रधान जुनिचिरो कोइझुमी यांचा आहे.

एक तिसरा चित्रपटही या घोळात शिरतो: १६ सप्टेंबर २००६ चा 'अल्ट्रामॅन मेबियस अँड अल्ट्रा ब्रदर्स'. त्यातही मेबियस आणि तेच चार म्हातारे भाऊ आहेत, पण शहर कोबे आहे आणि ते चौघे खरे एम७८ वाले आहेत, आपली ओळख लपवून राहणारे. टिगा, डायना, गाया त्यात नाहीत.

बघण्याचा क्रम लावायचा तर २००८ चा स्वतंत्र धरा, वर सांगितलेले भाग पाहून कधीही बघा. २००९ च्या आधी 'मेगा मॉन्स्टर बॅटल' मालिकेचे २६ भाग पाहणं उत्तम. वेळ नसेल तर पहिल्या हंगामाचे सुरुवातीचे दोन-तीन आणि दोन्ही हंगामांचे शेवटचे दोन-दोन बघून घ्या, म्हणजे रेई आणि त्याचं यान ओळखीचं होईल. पुढची सगळी गाडी या दुसऱ्या चित्रपटावरून धावते: २३ डिसेंबर २०१० चा झिरोचा स्वतःचा चित्रपट, २०१७ ची 'गीड' मालिका, जिचा नायक बेलियलचा मुलगा आहे आणि मुख्य दिग्दर्शक पुन्हा साकामोतो, आणि २०२० ची 'झेड', जिचा नायक स्वतःला झिरोचा चेला म्हणवतो आणि झिरो ते मान्य करत नाही.