रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे मांजराला कॅन्सर नाही?

‘सीबीसी नॉर्मल आलं, आता कॅन्सरची काळजी नको.’ दादर-परळपासून बोरिवलीपर्यंत मांजरं पाळणाऱ्या घरांत हे सर्रास ऐकू येतं. हे चूक आहे, आणि त्यापायी उपचाराचे मोलाचे आठवडे हातचे जातात.

सीबीसीत रक्तपेशींची मोजदाद होते. किडनी-लिव्हरच्या तपासणीत त्या अवयवांचं काम कळतं. गाठ यात दिसत नाही. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, रक्तातच विकृत पेशी सापडू शकतात. पण मांजरांत जास्त आढळतो तो लिम्फोमा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा गाठी करणारा कॅन्सर, बऱ्याचदा आतड्यातला, आणि तेव्हा रिपोर्ट अगदी स्वच्छ येऊ शकतो. उलट, कॅल्शियम वाढलेलं किंवा हिमोग्लोबिन कमी दिसलं तरी मूळ किडनीत असू शकतं.

एफईएलव्ही, म्हणजे मांजरांच्या ल्युकेमिया विषाणूच्या चाचणीबद्दलही असाच घोळ. १९६४ साली ग्लासगोत विल्यम जॅरेट आणि सहकाऱ्यांनी शोधलेल्या विषाणूची ती चाचणी. पॉझिटिव्ह म्हणजे संसर्ग, कॅन्सर नव्हे. निगेटिव्ह मांजरालाही लिम्फोमा होतो.

खरं निदान गाठीतून सुईने काढलेल्या पेशी किंवा बायोप्सीचा तुकडा तपासूनच होतं. आतड्याची जुनाट सूज आणि हळू वाढणारा लिम्फोमा वेगळे ओळखायला तर बहुधा बायोप्सीच लागते. रक्त जरूर तपासा, भूल देण्याआधी ते हवंच. पण वजन घटतच चाललं असेल, उलट्या थांबत नसतील, तर नॉर्मल रिपोर्ट हातात असला तरी डॉक्टरांना सोनोग्राफीबद्दल विचारा.